बाकाच्या टोकाला

नवी सून घरात आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी नणंदेने तिचं नाव टाचणी ठेवलं. इतकी बारीक, की पंखा लावला तर कागदांबरोबर हीही उडेल, असं नणंदेचं म्हणणं. पुढे टाचणीला मुलगा झाला, अंग भरलं, केस पिकले, सत्तरी उलटली. नाव मात्र बारीकच राहिलं. ती नणंदेला वन्सं म्हणायची. त्या दोन हाकांवर दोघींचा जन्म निघाला.

वन्सं पाच-सहा वर्षांनी मोठ्या, अंगाने ऐसपैस आणि जिभेने त्याहून. लग्न त्यांनी केलंच नाही. कोणी विचारलं तर म्हणत, "मला सांभाळणारे चार सापडले, पण मी ज्याला सांभाळावं असा एक नाही सापडला."

घर तिसऱ्या मजल्यावर, आणि घराच्या पुढच्या खोलीत पुस्तकबांधणी. मामंजींनी, म्हणजे टाचणीच्या सासऱ्यांनी, सुरू केलेली. मधोमध लोखंडी शिकंजा, बांधलेली पुस्तकं दाबून धरणारा. भिंतीला टेकवलेले पुठ्ठे. कोपऱ्यात स्टोव्हवर खळीचं पातेलं, त्याचा तो आंबूस-गोडसर वास पडद्यांना, उशांना, पोराच्या गणवेशालाही येई. आणि खिडकीशी एक लांब लाकडी बाक, समोर तेवढंच लांब टेबल. कापणं आणि दाबणं पुरुषांकडे, घड्या घालणं आणि शिवणं या दोघींकडे.

पहिल्या दिवशी मामंजी म्हणाले, "बस तिथे. बघ आणि शीक." वन्सं बाकावर बसून सुई ओवत होत्या. नवी सून, समोर सासरा, शेजारी नणंद. टाचणी अंग चोरून उजव्या टोकाला टेकली. अर्धी बाकावर, अर्धी अधांतरी, उजवा पाय जमिनीत रोवून तोल धरलेला. तशीच बसून तिने पहिलं पुस्तक शिवलं, आणि नंतरची सगळीही.

पुस्तक एकसंध दिसतं, पण आत ते सोळा-सोळा पानांच्या जुड्यांचं असतं. बांधणीवाले त्यांना फर्मे म्हणतात. एक फर्मा वन्सं घ्यायच्या, पुढचा टाचणी, त्याच्या पुढचा परत वन्सं. घडी घालता घालता डोळे ओळींवरून फिरायचेच. कादंबरी असली की मजा यायची, कारण प्रत्येकीला अर्धीच कळायची.

"वन्सं, तो बोटीत बसला. पुढे?"

"बुडाला."

"बुडाला? अहो, माझ्याकडे तर तो लग्न करतोय!"

"मग वाचला असेल. मधली चार पानं उलटी लागलीत, थांब. हां, वाचला. पण कोट बुडाला."

मामंजी शिकंज्याचं चाक फिरवता फिरवता ओरडायचे, "बायांनो, आपण पुस्तकं बांधतो, वाचत नाही!" पण दुपारच्या चहाला स्वतःच हळूच विचारायचे, "त्या बोटवाल्याचं काय झालं?" अशी किती पुस्तकं दोघींनी अर्धी-अर्धी वाचली याला गणती नाही. एकटीने अख्खं असं एकही नाही.

मामंजी गेले, मग टाचणीचा नवरा गेला. लेक दुसऱ्या भागात राहायला गेला, लिफ्ट असलेल्या घरात. वाचनालयांची कामं आटली. शिकंजा गंजू नये म्हणून वन्सं त्याला तेल द्यायच्या, इतकंच. तरी कोणी जुनं पुस्तक घेऊन जिने चढून यायचंच, आणि दोघी खिडकीशी बसायच्या. पूर्वी टाचणी दिवसातून शंभरदा उठायची: खळ ढवळ, चहा ठेव, पोराला शाळेत सोड, नवऱ्याला पुठ्ठा धर. आता उठवणारं कोणी उरलं नव्हतं. सकाळी बसली की दुपारीच उठायची.

तेव्हाच ते दुखणं आलं.

आधी डाव्या कुल्ल्यात खोल कुठेतरी ठणका, जणू कोणी आत सुपारी ठेवून दिली आहे. मग मांडीच्या मागून पोटरीपर्यंत एक तार. बसलं की तार तापायची, उठलं की थोडी निवायची. जिना चढताना तर प्रत्येक मजल्यावर टाचणी कठड्याला धरून उभी राहायची आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या कुंड्यांचं उगाच कौतुक करायची, म्हणजे थांबल्याचं कारण मिळे.

"कुठे दुखतंय नक्की?" वन्संनी विचारलं.

"कंबरेच्या खाली."

"खाली म्हणजे?"

"अहो, खाली म्हणजे खाली!"

"मग ढुंगणात म्हण की. सगळ्यांना असतं."

वन्संनी त्यावर दोन दिवस विचार केला आणि उपाय काढला. वाकडा झालेला पुठ्ठा सरळ कसा करतात? दाबाखाली ठेवतात. मग आखडलेलं अंग वेगळं काय असतं? एका दुपारी त्यांनी टाचणीला पालथं निजवलं. पुस्तकांवर ठेवायच्या दोन लोखंडी विटा उन्हात तापवल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि दुखऱ्या जागी एकीवर एक रचल्या. वर स्वतःचा तळहात.

"बरं वाटतंय?"

"जड वाटतंय."

"जड वाटायलाच पाहिजे. हलू नकोस. खळ सुकेपर्यंत हलायचं नाही, तुला शिकवायला नको."

आधी ऊब बरी वाटली आणि टाचणीचा डोळा लागला. उठली तेव्हा पावलाला मुंग्या आल्या होत्या आणि पाय आपला नव्हताच. पहिलं पाऊल टाकलं ते थेट शिकंज्यावर. वन्संनी तिला सावरलं. पायात जीव आला, पण संध्याकाळी उशिरा. तोवर वन्सं टाचणीचं पाऊल मांडीवर घेऊन चोळत बसल्या होत्या. अधूनमधून विचारायच्या, "आलं का गं? आलं का?"

लेकाला कळलं तेव्हा तो धावत आला. विटांची हकिगत ऐकून त्याला आधी हसू आलं, मग राग.

"आत्या, माणूस आहे ती! पुठ्ठा नाही!"

"कळलं रे. सांगतोस काय."

तो आईला तपासायला घेऊन गेला. डॉक्टरांनी पाठीचं चित्र काढून घेतलं. मणके वयाप्रमाणे झिजले होते, पण नस तिथे दबलेली दिसत नव्हती. पावलात ताकद शाबूत होती. ऑपरेशनचं नाव न काढता त्यांनी व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

ती एक तरणीताठी मुलगी होती, बाह्या दुमडलेली. वन्संनी घरी तिचं नाव पायवाली ठेवलं. पायवालीने टाचणीला निजवून डावा गुडघा उचलला आणि उजव्या खांद्याकडे नेला. टाचणी कळवळली.

"हाच का तो ठणका? रोजचा?"

"हाच मेला."

"आजी, कुल्ल्याच्या आत एक आडवा स्नायू असतो, पिरिफॉर्मिस."

"नाव तर परक्या पाहुण्यासारखं," सोबत आलेल्या वन्सं म्हणाल्या.

"पाहुणा नाही, जन्मापासून घरातलाच आहे," पायवाली हसली. "त्याच्या खालून पायाची मोठी नस जाते, करंगळीएवढी जाड. हा आखडला की तिला चिमटा बसतो. दुखणं कुल्ल्यात, पण बोंब पोटरीपर्यंत जाते. दाबायचं नाही, रगडायचं नाही. हळूहळू सैल करायचं, मग बळकट करायचं. आणि मुख्य म्हणजे फार वेळ बसायचं नाही." मग तिने विचारलं, "तुम्ही काम करताना कशा बसता? बसून दाखवा."

खोलीत तपासणीचं लांब टेबल होतं. टाचणी त्याच्या उजव्या टोकाला बसली. डावा कुल्ला फळीवर, उजवा बाहेर.

"अशा? एका बाजूवर? किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून."

"सगळा भार एकट्या डाव्यावर! का पण?"

टाचणीने याचा कधी विचारच केला नव्हता. उत्तर वन्संनी दिलं, नेहमीपेक्षा हळू आवाजात. "शेजारी मी असते ना. मी केवढी आहे बघतेस ना."

पायवालीला तो विनोद वाटला आणि ती हसली. टाचणीने वन्संकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी टाचणी उठून पुढच्या खोलीत आली तर बाक रिकामा होता. वन्सं आतल्या भिंतीशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर पाट, पाटावर फर्मे.

"तिथे काय करताय? तिथे उजेड नाही."

"मला दिसतं."

"वन्सं, इकडे या."

"तू बस नीट. व्यायाम केलास का?"

व्यायाम टाचणी करायची. उताणं निजून डावा घोटा उजव्या गुडघ्यावर ठेवायचा आणि मांडी छातीकडे ओढायची. कुशीवर निजून शिंपला उघडावा तसा गुडघा उघडायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा वन्सं दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "या वयात कोलांट्या शिकतेय बया!" आता त्या नुसत्या घड्याळाकडे बघून "ऊठ, अर्धा तास झाला" एवढंच म्हणायच्या, अगदी शाळेच्या घंटेसारखं. टाचणी उठायची, खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारायची. शेक घ्यायची. हळूहळू तार थंड होत चालली. सकाळी मोजे घालताना पूर्वीसारखं ओरडावं लागत नव्हतं.

पाय सुधारत होता आणि घर मुकं होत होतं. खोलीभर अंतरावरून गोष्ट सांगता येत नाही. एक प्रवासवर्णन शिवायला आलं होतं, कोणा बाईने उंटावरून वाळवंट ओलांडल्याचं. टाचणीच्या फर्म्यात बाई उंटावर चढली आणि थेट एका बंदरात मासे विकत घेताना सापडली.

"वन्सं, उंटाचं काय झालं?"

अंधारातून उत्तर आलं, "मला नीट वाचता नाही आलं."

टाचणीने सुई खाली ठेवली. पन्नास वर्षांत हे उत्तर तिने ऐकलं नव्हतं.

त्याच आठवड्यात लेक आला. जागा कधी सोडता म्हणून घरमालक विचारत होता, आणि लेकाचं गणित सरळ होतं. तीन मजले आईच्या पायाला झेपणार नाहीत. त्याच्या घरी एक खोली मोकळी आहे, तिथे आई. वन्संची एक भाची दुसऱ्या गावी असते, ती कधीपासून बोलावतेय, तिथे आत्या. बांधणी बंद. वाईट मनाने सांगत नव्हता बिचारा. सांगताना त्याच शिकंज्याचं चाक हाताने उगाच फिरवत होता, लहानपणी फिरवायचा तसं.

टाचणीला वाटलं, आता वन्सं त्याचा समाचार घेतील. तोंडाला तोंड देणं हे या घरात कायम वन्संचं काम. पण वन्सं म्हणाल्या, "बरोबर बोलतोस. रविवारी ये. मी पेटी भरून ठेवते."

तो गेल्यावर टाचणी म्हणाली, "पेटी भरून ठेवते म्हणजे?"

"म्हणजे कपडे आत घालते."

"मला विचारलंत?"

"तुला काय विचारायचं? सगळा जन्म तुला बाकावरून ढकलत आले, वर विटा ठेवून पाय घालवत होते. मी लांब गेले तशी तू सुधारलीस. डोळ्यांनी दिसतंय ते नाकारू?"

"मी व्यायामाने सुधारले!"

"ते तू म्हणतेस."

टाचणीला वाद घालता येत नसे. ती आत जाऊन कुशीवर निजली आणि शिंपला उघडत राहिली, रागारागाने.

रविवारी सकाळी वन्संची पेटी दाराशी येऊन बसली. लेक यायला वेळ होता. उंटवालीचं पुस्तक शिवून व्हायचं होतं, गिऱ्हाईक उद्या येणार होतं. टाचणी बाकावर बसली. हात चालत होते, डोळे ओले होत होते आणि दोरा दिसत नव्हता. वन्सं चहाचे कप घेऊन आतून आल्या आणि दारातच थबकल्या.

खिडकीतून ऊन बाकावर लांबलचक पसरलं होतं. सगळा बाक मोकळा. आणि टाचणी उजव्या टोकाला, अर्धी आत, अर्धी बाहेर, पाय जमिनीत रोवून.

"टाचणे."

"काय?"

"तिथे कोण बसलंय?"

"कुठे?"

"तुझ्या शेजारी. कोणासाठी जागा सोडलीस एवढी? मी तर इथे उभी आहे, दोन कप घेऊन!"

टाचणीने डावीकडे पाहिलं. लाकूड होतं नुसतं, पार पलीकडच्या टोकाला बसून बसून गुळगुळीत झालेलं. मधली हातभर जागा मात्र कोरी, खडबडीत. तिथे कधी कोणी बसलंच नव्हतं. म्हणजे वन्सं तिच्या शेजारी नाही, मध्येही नाही, पार पलीकडे सरकून बसत आल्या होत्या. आणि दोघींच्या मध्ये एक तिसरी बाई मावेल एवढा बाक कायम रिकामा होता.

"मी दर वेळेला म्हणायचे, सरक गं इकडे, सरक," वन्सं कप ठेवत म्हणाल्या. "तू म्हणायचीस, ठीक आहे मी. म्हणून मीच आणखी पलीकडे व्हायचे. म्हटलं, हिला लागते जास्त जागा. एवढीशी बाई, हिला कशाला एवढी जागा लागते कळायचं नाही!"

"मामंजी समोर होते ना."

"आज आहेत?"

"नाहीत."

"बाबांनी तुला टोकाला बस सांगितलं होतं?"

"नाही. बस म्हणाले नुसतं."

"मग बस ना, भवाने!"

टाचणी सरकली. दोन्ही बाजू फळीवर टेकल्या, दोन्ही पाय सारखे जमिनीवर. तिला विचित्र वाटलं, दुसऱ्याच्या घरी पलंगावर बसावं तसं. उजव्या अंगाला लाकडाचा स्पर्शच अनोळखी होता. डाव्या बाजूला ठणका होता, पण लहान, समजूत घालता येईल असा.

वन्संना हसू फुटलं. आधी खांद्यांना, मग पोटाला, मग सगळ्या वन्संना. टाचणीलाही आवरेना. हसताना तिची तार झणझणली आणि ती "आई गं" म्हणत आणखी हसली.

लेक आला तेव्हा दोघी बाकावर शेजारी शेजारी होत्या आणि वन्सं उंटाचं वाचून दाखवत होत्या. उंट आजारी पडला होता. लेकाने पेटी उचलायला हात घातला.

"ठेव ती," टाचणी म्हणाली.

त्याने आत्याकडे पाहिलं. सवयच होती, या घरात नाही म्हणायचं झालं तर आत्या म्हणते. पण आत्या पुस्तकातून वर बघेना.

"तिकडे काय बघतोस, मी बोलतेय," टाचणी म्हणाली. आवाज जरा कापला, पण थांबला नाही. "जिना मला झेपत नाही, हे खरं. पुढेही झेपेल असं नाही. ती मुलगी म्हणालीय, हे दुखणं सांभाळावं लागतं, उलटूही शकतं. तेव्हा हे घर सोडायला मी तयार आहे. पण तुझ्या एका खोलीत मी नाही येणार, आणि वन्सं कुठेही जाणार नाहीत. खाली, जमिनीला लागून, दोघींना पुरेल अशी जागा बघ."

"आई, आत्याचं ठरलंय—"

"कोणी ठरवलं? मला दर अर्ध्या तासाने उठवणार कोण? तू? तू तर फोनसुद्धा आठवड्याने करतोस."

लेक पेटीवरच बसला.

"खालच्या मजल्यावर जागा मिळणं सोपं नाही, आई. आणि हे सगळं सामान? शिकंजा?"

"शिकंजा ज्याला हवा त्याला दे," टाचणी म्हणाली. हे मात्र म्हणताना तिने त्या लोखंडाकडे पाहिलं नाही. "तो पुरुषांचा होता. आम्हाला सुई-दोरा पुरे."

आता वन्संनी पान खाली ठेवलं. "आणि खिडकी डावीकडून हवी. उजवीकडून उजेड आला की हाताची सावली पडते शिवणीवर."

"आत्या, घर शोधायचं की खिडकी?"

"खिडकी शोध. घर लागूनच असतं तिला."

तो हसला. मग उठला, पेटी उचलून आत ठेवून आला आणि स्वतःसाठी चहा ठेवला. स्वयंपाकघरातून त्याने ओरडून विचारलं, "साखर कुठे ठेवलीत?" दोघींनी एकदमच उत्तर दिलं, आणि दोन वेगळ्या जागा सांगितल्या.

वन्संनी घड्याळाकडे पाहिलं.

"चल, ऊठ. अर्धा तास झाला."

"वन्सं, उंटाचं तेवढं—"

"उंट मरत नाही एवढ्यात. ऊठ आधी."

टाचणी दोन्ही हात फळीवर टेकून उठली आणि खिडकीपासून दाराकडे चालू लागली. तोंडाने पुढचं विचारतच होती.